पुढची खोली आणि वहिनींचा आवाज

आधी एका हत्तीचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हा हत्ती एका पुस्तकाच्या मधल्या दोन पानांवर पसरून उभा आहे. लोकांना वाटतं, बसला कागद घेऊन आणि काढला. त्याला खरं लागलं ते असं: जाड कागदाचा अख्खा गठ्ठा; शाईची बाटली, जिच्यातली निम्मी चटईनं प्यायली; माझ्या उजव्या खांद्याचा ताठपणा, जो अजून गेलेला नाही; मेव्हण्याचं लग्न, ज्याला मी गेलो नाही; त्यापायी मेव्हण्यानं धरलेला अबोला, जो त्यानं मरेपर्यंत निष्ठेनं पाळला; आणि माझ्या वहिनी, ज्यांनी ती गोष्ट मला इतक्यांदा मोठ्यानं वाचून दाखवली, की शेवटी भांडी घासतानाही त्या हत्तीच्याच वाक्यांत बोलायला लागल्या. पैशांचा रकाना मुद्दाम सोडला आहे. पैसे आले तसे गेले, हत्ती राहिला.

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय पंचाहत्तर पूर्ण, धंदा पुस्तकांसाठी चित्रं काढणे, नोकरी कुणाचीच नाही, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी दम दिलेला नाही आणि गोड बोलून गुंडाळलेलंही नाही. गोड बोलणारे आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. माझ्यामागे भांडण नको म्हणून हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. यापूर्वी असं काही केलेलं नाही, कारण आपण मरू असं यापूर्वी मला कधी वाटलंच नव्हतं.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. बाई भल्या आहेत, फक्त बोलतात फार मोठ्यानं. कोर्टाची सवय असावी. माझं पहिलं पान वाचून म्हणाल्या, "काका, चित्र कसं सुचतं हे मृत्युपत्रात येत नाही."

"मग काय येतं?"

"मिळकत येते. तिचा तपशील येतो. ती कशी मिळाली ते येतं."

"झालं तर मग. चित्रं ही माझी मिळकत, आणि ती कशी मिळाली तेच सांगतोय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लिहा. पण मध्ये मध्ये कलमं घाला हो."

घातली आहेत.

कलम १. मिळकत. सदर घर: रस्त्यावर उघडणारी पुढची खोली, तिला उत्तरेकडची मोठी खिडकी, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पोटमाळा. हे घर स्वकष्टार्जित आहे, म्हणजे माझ्या कमाईतून घेतलेलं. वडिलांकडून मला फक्त नाक मिळालं. मी साबणाच्या कारखान्यात खोकी उचलायचो. खोक्यांवर फुलं रंगवणारा माणूस आजारी पडला, मी त्याचा ब्रश हातात घेतला, आणि तो अजून खाली ठेवलेला नाही.

दुसरी मिळकत म्हणजे पोटमाळ्यावरची मूळ चित्रं आणि पुस्तकं पुन्हा छापली तर त्यांचा येणारा मोबदला. वकीलबाई म्हणाल्या, इथंही 'स्वकष्टार्जित' लिहा. नाहीतर उद्या कुणीही उठून म्हणेल, यात आमचाही वाटा आहे. घरापुढे तो शब्द मी छाती फुगवून लिहिला होता. चित्रांपाशी आलो आणि पेन थांबलं. का थांबलं ते पुढे.

कलम २. ती कशी मिळाली. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. दुपारी मी त्याचा डबा घेऊन जायचो. एकदा डबा ठेवून बाकावर बसलो होतो, आणि लाकडी आडोशापलीकडून एका मुलीचा आवाज आला. प्रुफं तपासताना एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापील कागदावर बोट फिरवायचं, अशी तिथली पद्धत. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. आणि भाव अजिबात घालायचा नाही, कारण भाव घातला की ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीत जातं आणि चूक हातून निसटते.

ती वाचत होती, "राजानं दार उघडलं पूर्णविराम बाहेर कुणीच नव्हतं पूर्णविराम नवा परिच्छेद."

आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट. पण 'कुणीच' या शब्दावर तो केसभर खाली बसला. केसभरच. आणि मला दिसलं. राजा दिसला नाही, मुकुट दिसला नाही. उंबरठा दिसला, त्यावर उन्हाचा एक तुकडा, आणि उलटी पडलेली एक चप्पल. डबा गुंडाळलेल्या कागदावर मी ते काढलं, कारण नाही काढलं तर आपल्याला काहीतरी होईल अशी भीती वाटली. ही भीती मला आजही वाटते. कारखान्यात ओझ्याखाली पाय घसरायचा तेव्हाही अशी वाटली नव्हती.

छापखान्याच्या मालकांनी तो तेलकट कागद उचलला.

"यात राजा कुठाय?"

"दाराच्या आत."

"मग दाखवला का नाहीस?"

"वाचणाऱ्यांनी नाही दाखवला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आडोशाकडे पाहिलं, म्हणाले, "छापू." हे माझं पहिलं काम. मी आवाज ऐकला, दादानं मुलगी बघितली, आणि वर्षाच्या आत त्या माझ्या वहिनी झाल्या.

कलम ३. कामाची पद्धत, जी मिळकतीचाच भाग समजावी. तेव्हापासून आजपर्यंत एकही पुस्तक मी डोळ्यांनी वाचून त्याचं चित्र काढलेलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसतो. माझ्या पाठीमागे वहिनी खुर्चीत बसतात आणि छापखान्यातल्यासारखं वाचतात, स्वल्पविरामासकट, सपाट. तोंड बघायचं नाही, कारण तोंड खोटं बोलू शकतं. आवाज कुठं केसभर बसतो एवढंच ऐकायचं. तिथं चित्र असतं. लेखकाला वाटतं लढाईचं चित्र हवं, प्रकाशकाला वाटतं राजकन्येचं हवं, आणि वहिनींचा आवाज बसतो ते 'तिनं घागर पालथी घातली' यावर. मग घागर काढायची. घागरीनं मला कधी दगा दिलेला नाही.

माझी बायको हयात असताना दारात उभी राहून म्हणायची, "वाचणार त्या, डोळे मिटून बसणार हे, आणि नाव छापून येणार यांचं. बरा धंदा आहे!" ती हसत म्हणायची. ती गेली, पण ते वाक्य या खोलीतून गेलेलं नाही, आणि त्यावर उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही. हा कागद म्हणजे उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

चुका झाल्या. एकदा वाचता वाचता वहिनींची ओळ सुटली आणि त्यांनी 'म्हातारी छत्री घेऊन निघाली' हे वाक्य दोनदा वाचलं. मी इमानदारीत दोन म्हाताऱ्या काढल्या, दोन छत्र्या, एक पुढे एक मागे. लेखक तणतणत आले. "ही दुसरी कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच पाठवलीत." चित्र घरी घेऊन गेले आणि आठवड्यानं गोष्ट बदलून आणली, आता तिच्यात दोन बहिणी होत्या, आणि मागची पुढचीशी भांडत होती. ते पुस्तक पोरांनी फाटेपर्यंत वाचलं. ती मागची म्हातारी कुठून आली? लेखकाच्या मनात नव्हती, माझ्या नव्हती, वहिनी तर म्हणतात, मी फक्त ओळ चुकले. मग ती होती कुठं, आमची तिघांची वाट बघत?

बाकीचं सामान कानानंच गोळा केलं. सुताराचा रंधा ऐकून सिंहाची आयाळ. जड कुलूप उघडताना येतो त्या आवाजावरून राक्षसाचा जबडा. बायको ओले केस झटकायची त्यावरून पूर आलेली नदी, ती बघून बायको म्हणाली, "ही माझी आहे, मला विचारलं नाहीत." विचारायला हवं होतं.

एकदा मी वहिनींना विचारलं, "त्या दिवशी, 'कुणीच नव्हतं' वाचताना, तुमच्या मनात काय आलं होतं?"

"कधी?"

"छापखान्यात. राजानं दार उघडलं तेव्हा."

"काही नाही हो, भावोजी. माझं लक्ष पूर्णविरामाकडे होतं."

म्हणजे ज्या केसभर जागेतून माझं सगळं आयुष्य बाहेर आलं, घर आलं, पोरांची शिक्षणं झाली, ती जागा तिच्या मालकिणीला ठाऊकच नाही. मी देवाला मानणाऱ्यातला नाही, पण याच्यापुढे हात जोडल्याशिवाय राहवत नाही. म्हणून चित्रांपुढे 'स्वकष्टार्जित' लिहिताना पेन थांबलं. वकीलबाईंचा सल्ला मानून शब्द लिहितो, आणि खाली हेही लिहितो, की तो निम्माच खरा आहे.

कलम ४. पुढची खोली. माझा थोरला मुलगा मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. कष्टाळू आहे, मनानं वाईट नाही. पण त्याला खोली दिसली की शटर दिसतं. गेल्या महिन्यात माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाबा, पुढची खोली रस्त्यावर आहे. शटर बसवलं तर सोनं आहे सोनं."

"आणि काकू?"

"काकूंची सोय बघू ना. हल्ली चांगल्या चांगल्या संस्था आहेत. वेळेवर जेवण, बाग असते."

"मोठ्यानं वाचू देतात का तिथं?"

"बाबा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुम्ही गेल्यावर काकू वाचणार कुणासाठी?"

मी त्याला रागावलो. नंतर दाराबाहेर, रस्त्याच्या गोंगाटात, तो फोनवर बायकोला ओरडून सांगत होता, "म्हातारा ऐकत नाही." त्याला वाटलं मी आत आहे म्हणजे सुटलो. पण या गल्लीत माझ्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत. त्या कानांवर मी जगलो आहे, आणि पंचाहत्तरीतही ते मांजराचे आहेत हे सर्व वारसांनी ध्यानात ठेवावं. बाकी गल्लीही कान टवकारूनच असते म्हणा. समोरचा शिंपी शिलाई मशीन थांबवून ओरडतो, "काय, राक्षस मेला वाटतं आज!" पूर्वी त्याला आमच्या गोष्टींचा पत्ता नसायचा, हल्ली अर्ध्या गोष्टी पाठ झाल्यात त्याच्या. वाचून झालं की वहिनी पेलाभर कोमट पाणी पितात. वयानं घसा लवकर दमतो.

वहिनींना मूल नाही, याच घरात आमच्यासोबत राहणारा दादा जाऊन फार वर्षं झाली. कायद्यानं माझ्या मिळकतीत त्यांचा काडीचा हक्क नाही. हा कागद नसला तर त्यांनी उद्या कुठं जायचं हे मुलगा ठरवील. तसं होऊ नये म्हणून:

(अ) पुढची खोली, खिडकी आणि खुर्चीसकट, वहिनींना हयातभर राहायला व वाचायला मिळावी. त्या आहेत तोवर घर विकू नये, भाड्यानं देऊ नये, शटर बसवू नये. त्या स्वतःहून, कुणी न सुचवता, जायचं म्हणाल्या तर जावं. 'कुणी न सुचवता' म्हणजे काय ते वकीलबाई ठरवतील. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम मी त्यांच्यावर सोपवतो.

(आ) पुस्तकांतून जो मोबदला येईल, त्यातला निम्मा वहिनींचा, निम्मा धाकट्या मुलीचा. मूळ चित्रं धाकटीची. तिला त्यातलं काही कळत नाही, पण ती फुलपाखरू धरल्यासारखा कागद धरते, तेवढं पुरे.

(इ) यापुढे माझं कोणतंही पुस्तक छापलं, तर 'चित्रं' या शब्दाखाली माझं नाव आणि त्याच मापाच्या अक्षरांत 'वाचन' या शब्दाखाली वहिनींचं. लहान टाइपात नाही.

(ई) वहिनींच्या मागे घर थोरल्याचं आणि धाकटीचं, समसमान. यातल्या कुणी हे कलम कोर्टात नेलं, तर त्याचा हिस्सा दुसऱ्याला. थोरल्या, ही तुझ्यासाठीच आहे ओळ. रागावू नकोस. मी तुझ्या जागी असतो तर मीही शटरच बघितलं असतं.

आणि तुझा प्रश्न. मी गेल्यावर काकू कुणासाठी वाचणार? चित्रं काढणाऱ्या कुणालाही या खोलीत येऊन पाठ फिरवून बसता येईल, वहिनींना तो माणूस पसंत असेल तर. कुणी आलंच नाही, तर त्यांनी खिडकीसाठी वाचावं. मला नाही वाटत आवाजाला फरक पडेल.

कलम ५. एक जुनं प्रकरण. ज्या प्रकाशकांना आम्ही 'तूर्तास' म्हणतो (काहीही मागितलं की ते म्हणतात, "तूर्तास शक्य नाही"), त्यांनी माझ्या हत्तीच्या सोंडेचं टोक कापलं. विचारलं तर म्हणाले, "पान संपलं हो." पान संपलं म्हणून हत्ती संपत नसतो. मूळ चित्रातला तो भाग मी पाकिटात घालून ठेवला आहे. पाकीट त्यांना देण्यात यावं. सोबत चिठ्ठी नको. समजतील. तूर्तास नाही समजले तर नंतर समजतील.

कलम ६. किरकोळ. टेबल धाकटीला, एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा लागतो. कुंचले समोरच्या शिंप्याला. त्याला मशीन पुसायला बरे पडतील, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पोटमाळ्याची शिडी थोरल्याला. पुढच्या खोलीतली कपाटं, दिवा, दाराजवळची खुंटी, चटई, हे मोडकं सामान थोरल्यानं हवं तर ठेवावं, नाहीतर काढून टाकावं.

कलम ७. वाचन आणि दुरुस्ती. वर लिहिलेलं सगळं मी काल नेहमीसारखं वहिनींकडून वाचून घेतलं. मी खिडकीकडे तोंड केलं, त्यांनी सुरुवात केली. "आधी एका हत्तीचा हिशेब मांडतो स्वल्पविराम." मला खात्री होती, कलम चारमध्ये आवाज बसणार. 'हयातभर' या शब्दावर. मी तयारीत बसलो होतो. त्यांनी ते कलम वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं. फक्त शेवटी थांबून म्हणाल्या, "भावोजी, माझं नाव कशाला पुस्तकात? लोक विचारतील, वाचन म्हणजे काय केलं?"

"सांगा, पूर्णविरामाकडे लक्ष दिलं."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाल्या आणि पुढे वाचायला लागल्या. सोंड झाली, टेबल झालं, कुंचले झाले. "कपाटं स्वल्पविराम दिवा स्वल्पविराम दाराजवळची खुंटी"

तिथं तो बसला. केसभर.

मी इतकी वर्षं त्या खुंटीखालून आलो-गेलो. दादा छापखान्यातून आला की सदरा तिथं अडकवायचा. त्या सदऱ्याला शिशाचा वास यायचा, आणि वहिनी तो लगेच धुवायला टाकायच्या नाहीत, थोडा वेळ तिथंच राहू द्यायच्या. हे मी पाहिलं असणार. पाहिलं असणारच. पण काल ऐकेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. मोडक्या सामानात लिहून मोकळा झालो होतो.

मी मागे वळून बघितलं नाही. तो नियम आहे. कागद ओढला. खुंटी आली, तिच्याभोवती भिंतीला पडलेली सदऱ्याच्या आकाराची फिकट जागा आली. सदरा आला नाही. ती जागा कागदावर उमटताना माझ्या हातात पेन्सिल होती एवढंच मी शपथेवर सांगू शकतो. वहिनी मागे शांतपणे "चटई स्वल्पविराम" वाचत होत्या.

म्हणून कलम ६ मध्ये दुरुस्ती: दाराजवळची खुंटी मोडक्या सामानातून वगळावी. घराला रंग द्या, दुसरी एखादी भिंत पाडा, पुढे मागे शटरसुद्धा बसवा. खुंटीला हात लावायचा नाही. जिथं आहे तिथं राहील. कालचं चित्र वहिनींचं. ते कुठल्याही पुस्तकासाठी नाही.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिलं आहे.

सही: (माझं पूर्ण नाव नोंदणीच्या कागदात आहे, इथं चित्राखाली करतो तीच खूण केली आहे.)

स्थळ: पुढची खोली, उत्तरेची खिडकी
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी, उजेड चांगला असताना

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही आमच्यादेखत केली. मला कुंचले मिळणार असं आत लिहिलं होतं. साक्षीदाराला काही घेता येत नाही असं वकीलबाईंनी सांगितल्यावरून मी ते सोडले आहेत. मशीन फडक्यानं पुसतो.

साक्षीदार दुसरा: छापखान्याच्या मालकांचा मुलगा, आता स्वतः निवृत्त. सही आमच्यादेखत केली.

डॉक्टरांचा दाखला: वरील गृहस्थांना मी आज तपासले. स्मरण, समज व निर्णयशक्ती उत्तम आहे. मृत्युपत्र वाचून दाखवणाऱ्या बाईंना त्यातून लाभ होत असल्याने, त्यांना बाहेर बसवून संपूर्ण मजकूर मी स्वतः पुन्हा वाचून दाखवला व गृहस्थांनी तो मान्य केला. हे वाचन कानाशी तोंड नेऊन, ओरडून करावे लागले. उजव्या कानाने थोडेसे ऐकू येते. डाव्या कानाने कित्येक वर्षांपासून काहीही ऐकू येत नाही.